डावीकडची पाटी

मास्तरांना वखारीच्या चौकात पोलिसांनी थांबवलं, ही बातमी मास्तर घरी पोचण्याआधीच घरी पोचली होती. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता पाण्याचा पेला पुढे केला. त्यावरूनच मास्तर काय ते समजले.

आता पोलिसांनी गाडी अडवणं यात विशेष ते काय? कुणाचीही अडवतात. पण मास्तर म्हणजे कुणीही नव्हते. त्या भागात ज्याला म्हणून गाडी चालवता येत होती, त्याला ती बहुतेक मास्तरांनीच शिकवलेली होती. पोस्टाची गाडी चालवणारा त्यांचा विद्यार्थी, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या विद्यार्थिनी, आणि काही घरांत तर आधी बाप शिकला, मग मुलगा शिकला आणि आता नातीचा नंबर लागला होता. मास्तरांची छोटी पांढरी गाडी लांबूनही ओळखू यायची, कारण तिच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी लाल अक्षरांची पाटी होती. डावीकडच्या सीटपुढे एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच होता. त्या सीटवर मास्तरांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. शिकणाऱ्याला घाम फुटला की ते शांतपणे म्हणायचे, “घाबरायचं नाही. ब्रेक माझ्याकडेही आहे.”

अशा माणसाला एका कोवळ्या पोलीसबाईने हात करून थांबवावं, आणि ‘काका, लायसन्स दाखवा’ म्हणावं, हे त्यांना फार झोंबलं.

झालं होतं ते असं. लाकडाच्या वखारीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या चौकात थांबण्याची नवी पाटी लागली होती. वखारीत ट्रकची ये-जा वाढली होती, म्हणून ती लावली असावी. मास्तर एका विद्यार्थ्याला घरी सोडून एकटेच परत येत होते. चौकात ते थांबले तर नाहीतच, वेगही कमी केला नाही, सरळ निघून गेले. डावीकडून लाकडं भरलेला ट्रक येत होता. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मास्तरांना ट्रकचा हॉर्न ऐकू आला तेव्हा ते चौक पार करून पुढे गेले होते, आणि मनातल्या मनात त्यांनी ट्रकवाल्यालाच चार शब्द सुनावले होते.

पोलीसबाईंना त्यांनी सांगितलं की पाटी झाडाच्या फांदीआड लपली आहे, माणसाला दिसणार कशी? पोलीसबाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे पाहिलं, आणि पावती फाडली.

पुढचे काही दिवस मास्तर भेटेल त्याला ती फांदी सांगत होते. सलूनमध्ये सांगितली, पेट्रोलपंपावर सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली. सांगता सांगता फांदीचं झाड झालं आणि झाडाला पानंही भरपूर फुटली. लोकांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असणार, अशी सगळ्यांची समजूत. आणि गंमत म्हणजे मास्तर खोटं बोलत नव्हते. ती फांदी त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी होती.

शिक्षा दोन प्रकारची होती. एक तर लायसन्सवर ठपका लागणार, नाहीतर मोठ्या गावात अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये एक दिवस वाहतुकीच्या वर्गाला बसायचं. लायसन्सवर ठपका आला की शिकवण्याची परवानगी अडकणार, तेव्हा मास्तरांना निवड अशी नव्हतीच. मास्तरीणबाईंनी सकाळी अगदी साध्या आवाजात विचारलं, “डबा देऊ का बरोबर?” आणि चटकन ओट्याकडे तोंड फिरवलं. त्यांची पाठ हलत होती. मास्तरांनी न पाहिल्यासारखं केलं, पण डबा मात्र घेतला.

मोठ्या गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, टपावरची ‘शिकाऊ’ची पाटी काढली आणि डिकीत टाकली. असल्या वर्गाला ती पाटी मिरवत जायचं म्हणजे आपणच आपली चेष्टा केल्यासारखं झालं असतं.

पण चेष्टा व्हायची ती झालीच. हॉलमध्ये पाऊल टाकताच बाकांवर बसलेली तीन-चार माणसं उठून उभी राहिली. ती सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली. एकाने लगबगीने पुढची खुर्ची पुसली, फळ्यापाशी सरकवली आणि म्हणाला, “बसा मास्तर. आम्हाला काय ठाऊक, तुम्हीच शिकवणार आहात. मग काही काळजी नाही.”

मास्तर क्षणभर त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग मागे गेले आणि शेवटच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले.  उभी राहिलेली माणसं एकेक करून अशी बसली, जणू त्यांचंच काहीतरी चुकलं होतं.

शेवटच्या बाकावर आधीच एक जण होता. पन्नाशीकडे झुकलेला, किडकिडीत, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला. हा शववाहिका चालवायचा. आसपासच्या गावांतलं प्रत्येक मयत त्याच्याच गाडीतून जायचं, म्हणून लोकांनी त्याचं नाव ‘लास्टबस’ ठेवलं होतं, आणि त्याला त्याचा राग नव्हता. गाडी जोरात चालवली म्हणून त्याला पकडलं होतं. मास्तरांनी भुवया उंचावल्या तेव्हा त्याने हलक्या आवाजात खुलासा केला की गाडी रिकामी होती, पुढच्या घरी लोक ताटकळले होते, म्हणून घाई केली. मागे कुणी असताना तो कधीच जोरात चालवत नाही, मागच्याची तक्रार नसली तरी.

वर्ग घेणाऱ्या बाई आल्या आणि मास्तरांना दुसरा धक्का बसला. ह्याही त्यांच्याच विद्यार्थिनी. कॉलेजात असताना शिकायला यायच्या, रिव्हर्स घेताना जीभ बाहेर काढायच्या. आता केसांत एखाददुसरी पांढरी बट होती आणि आवाजात अधिकार. त्यांची नजर बाकांवरून फिरत शेवटच्या बाकावर आली, किंचित थबकली, आणि पुढे गेली. हजेरी घेताना त्यांनी मास्तरांचं नाव इतरांसारखंच वाचलं. मास्तरांना त्याचं फार बरं वाटलं.

सकाळभर त्या थांबायला लागणाऱ्या अंतराबद्दल बोलल्या, ओल्या रस्त्याबद्दल बोलल्या, फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्यांबद्दल बोलल्या. त्या वेळी अंड्यांची गाडी चालवणारा एक जाडगेला माणूस खिडकीबाहेर बघू लागला. सुरुवातीला मास्तर मनातल्या मनात चुका काढत होते. मग हळूहळू काढेनासे झाले. बाई सांगत होत्या की माणसाला जे दिसत नाही ते दिसत नाही हेसुद्धा त्याला कळत नाही, मन आपल्या पदरचं घालून चित्र पुरं करून टाकतं. हे मास्तरांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ऐकायला बरं वाटलं, पण ते आपल्याबद्दल आहे असं त्यांना वाटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत लास्टबसने विचारलं, तुम्हाला कशाबद्दल धरलं? मास्तरांनी डबा उघडता उघडता फांदीची हकीकत सांगितली, झाडासकट. लास्टबस म्हणाला की तो त्या चौकातून नेहमी जातो. एवढंच म्हणाला, आणि भाजी पुढे सरकवली.

दुपारी सगळ्यांना खाली अंगणात नेलं. आगीचे बंब एका बाजूला लावून मोकळी जागा केली होती, नारिंगी शंकू मांडून त्यातून वाट आखली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना अग्निशमनचे दोन जवान हातात लाल झेंडे घेऊन उभे. केंद्राची गाडी सावकाश चालवायची, आणि कुठल्याही बाजूचा झेंडा वर झाला की थांबायचं. शेजारी बाई बसणार. बस्स, एवढंच.

अंडीवाला एवढ्या जोरात थांबला की गाडीच्या मागच्या बाजूला लटकवलेली बादली खाली पडली. एकाने विचारलं, अंडी असताना असाच थांबतोस का? लास्टबस थांबला तेव्हा तो थांबलाय हे कुणाला कळलंच नाही, गाडी नुसती चालायची बंद झाली. मग मास्तरांची पाळी आली आणि सगळे नीट बघायला पुढे सरकले. मास्तरांनाही वाटलं, चला, सकाळपासून खाली घातलेली मान आता जरा वर काढू.

त्यांनी गाडी अशी सोडली की बघत राहावं. क्लचचा आवाज नाही, धक्का नाही. उजवीकडचा झेंडा वर झाला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा गाडी निघाली. डावीकडचा झेंडा वर झाला. गाडी चालतच राहिली. जवानाने झेंडा हलवला. गाडी त्याच्या पुढ्यातून निघून गेली आणि जाता जाता डावीकडचा एक शंकू आडवा करून गेली.

लोक हसले. त्यांना वाटलं, मास्तर काहीतरी दाखवताहेत, कसं चालवू नये त्याचा धडा देताहेत. बाई म्हणाल्या, “मास्तर, अजून एक फेरी मारू या.” दुसऱ्या फेरीत तेच झालं. तिसऱ्या फेरीला कुणी हसलं नाही. अंगणाच्या पार टोकाला, सगळ्यांपासून लांब, बाईंनी गाडी आडवी थांबवायला सांगितली.

“मास्तर, डावीकडचा झेंडा दिसला का तुम्हाला?”

“वर झाला असता तर दिसला असता.”

“प्रत्येक फेरीला वर झाला.”

मास्तरांनी मान वळवून डावीकडे पाहिलं. पिवळ्या शिरस्त्राणातला धिप्पाड जवान खांद्यावर लाल झेंडा टाकून उभा होता. मग डोळे सरळ ठेवून मास्तर मान थोडी थोडी समोर आणत गेले. जवान एका जागी येऊन नाहीसा झाला. तिथे काळोख आला नाही की धुकं आलं नाही. भिंत होती, अंगण होतं, वरचं आभाळ होतं, सगळं अगदी पुरं होतं. फक्त माणूस नव्हता.

त्यांनी पुन्हा मान वळवली. माणूस आला. पुन्हा समोर केली. गेला.

 मग बाईंनी एकेक डोळा झाकायला सांगितला. मास्तरांनी उजवा झाकला, मग डावा झाकला. दोन्ही वेळा डावी बाजू गायबच.

“मी काही डॉक्टर नाही,” बाई म्हणाल्या. “पण हे दाखवायला हवं, आणि लवकर. इथे परीक्षा नसते, मास्तर. दिवसभर बसलात, मी प्रमाणपत्रावर सही करणार. मला दुसरं काही लिहावं लागत नाही. पुढचं सगळं तुमच्यावर आहे. फक्त आज घरी जाताना गाडी तुम्ही चालवू नका.”

मास्तरांचा चेहरा लाल झाला. “मला सांगतेस गाडी चालवू नका? तुला रिव्हर्स कुणी शिकवला?”

“तुम्हीच,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणून तर गाडी इतक्या लांब आणून बोलतेय.”

लास्टबस सकाळी एस्टीने आला होता आणि त्याला त्याच दिशेला जायचं होतं. बाईंनी त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण वर्ग सुटल्यावर तो पांढऱ्या गाडीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, मला जरा तुमच्या गाडीवर हात साफ करू द्या. माझ्या गाडीला कंटाळलोय.” मास्तरांनी किल्ली दिली आणि सवयीने डाव्या सीटवर जाऊन बसले.

लास्टबस फार कमी बोलायचा. वाटेत मास्तर आपली तपासणी करत होते. समोर एका जागी नजर ठेवायची आणि बघायचं. उजवीकडचे विजेचे खांब लांबून दिसत, मोठे होत, मागे जात. डावीकडे खांबच नव्हते. मान वळवली की होते. इतके दिवस त्यांना हे कसं कळलं नव्हतं, याचं आश्चर्य वाटत होतं, आणि मग कळत होतं की आश्चर्य कसलं? ते डाव्या सीटवर बसायचे. त्या बाजूला नुसती रस्त्याची कड असते. पुढचं, उजवीकडचं सगळं दिसायचं, आणि बाकीचं बघायला शेजारी विद्यार्थी होता. दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा कारभार चालला होता.

वखारीचा चौक आला तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले. पाटी होती. चांगली परातीएवढी, लाल, उंच खांबावर. आणि खांबाच्या आजूबाजूला नुसतं माळरान होतं. झाड नव्हतं. झाडाचा बुंधा नव्हता. फांदी यावी असं लांबवरही काही नव्हतं. ओंडके रचलेली वखार होती आणि तिच्यामागे उतरतं ऊन.

लास्टबस गाडीतून उतरून त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, “तोडलं असेल मास्तर. रस्तेवाले तोडतात.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “नव्हतंच.”

ते बराच वेळ तिथे उभे होते. एक ट्रक चौकात आला, पाटीपाशी थांबला, ड्रायव्हरने दोन्हीकडे पाहिलं आणि गेला. मास्तरांच्या अंगावर तेव्हा काटा आला. त्या दिवशी ट्रकवाला जरा पेंगुळलेला असता तर, हा विचार त्यांना आला, पण त्याच्या मागोमाग दुसरा एक विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

सध्या त्यांच्याकडे एक टेलरबाई शिकायला येत होत्या. चाळिशीच्या, विधवा, दुकान एकटीने चालवणाऱ्या. शिवलेले गणवेश गावोगावच्या शाळांना पोचवायचे म्हणून त्यांना गाडी शिकायची होती. हात चांगला होता, पण भित्र्या. मागच्याच आठवड्यात बाजाराच्या रस्त्यावर त्यांनी काही कारण नसताना गचकन ब्रेक दाबला होता आणि मास्तरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. उगाच मध्येच थांबाल तर मागचा येऊन आदळेल, मी सांगितल्याशिवाय ब्रेकला पाय लावायचा नाही, असं म्हणाले होते. टेलरबाई काहीतरी बोलायला गेल्या होत्या आणि गप्प बसल्या होत्या.

घरी पोचल्यावर मास्तर चहा घेऊन बसले आणि मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. झेंडा सांगितला, चौक सांगितला. झाडाचं सांगताना जरा अडखळले, पण सांगितलं. मास्तरीणबाई समोर बसून ऐकत होत्या. सकाळचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. मास्तरांचं सांगून झाल्यावर त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

“तुम्ही ताटातलं डावीकडचं खात नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “थंडीपासून. मला वाटायचं, माझ्या हातची भाजी आवडेनाशी झाली. मी मग वेगवेगळं करून बघत होते.”

“बोलायचं नाही का?”

“काय बोलायचं? एवढ्या वर्षांनी भाजी का आवडत नाही म्हणून विचारायचं?”

 मग मास्तरीणबाई एकेक आठवून सांगू लागल्या. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. पेपरातल्या ओळी अर्ध्यापासून वाचता आणि छापणाऱ्यांना शिव्या देता. थंडीत दोन दिवस डोकं धरून झोपला होतात, त्यानंतरचं आहे हे सगळं. मास्तर ऐकत होते. आपल्याबद्दल घरात एवढी माहिती जमा आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही, हे त्यांना विचित्रही वाटलं आणि कुठेतरी बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी टेलरबाईंच्या दुकानात गेले, चालत. मशीनची धडधड चालू होती. मास्तरांना दारात पाहून टेलरबाई गडबडल्या. आज शिकवणी लवकर आहे का, म्हणत कापड बाजूला सारू लागल्या. मास्तर स्टुलावर बसले.

“बाजाराच्या रस्त्यावर तुम्ही ब्रेक दाबला होता,” ते म्हणाले. “समोर कुणी होतं का?”

टेलरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या टेपकडे पाहिलं. “सायकलवाले आजोबा होते की. डावीकडून एकदम आडवे आले. तुम्ही रागावलात तेव्हा मला वाटलं, गाडी शिकताना असंच असतं. माणूस समोर आला तरी मास्तरांच्या हुकमाशिवाय थांबायचं नसतं.”

 मास्तर म्हणाले की चूक आपली होती. टेलरबाईंनी थांबून एका माणसाचा जीव वाचवला, आणि त्याबद्दल शाबासकी द्यायची सोडून आपण त्यांनाच बोललो. मग त्यांनी आपल्या नजरेचं सांगितलं, आणि आजपासून आपण शिकवणार नाही हेही सांगितलं. टेलरबाईंनी मशीनचं चाक हाताने उगाच अर्धं फिरवलं. त्या म्हणाल्या, “माझी परीक्षा तोंडावर आलीय, मास्तर.” त्यांना ते बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “त्याचं काहीतरी करतो.”

मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे पुन्हा मोठं गाव. यावेळी मास्तर आणि मास्तरीणबाई बसने गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि एका बारीकशा डागावर पेनचं टोक टेकवलं. डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पोचतं, तिथली एक बारीकशी नस थंडीत कधीतरी बंद पडली होती. गेलेली बाजू परत येणार नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यायची, मीठ कमी करायचं, चालायचं. गाडी? डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्यांनी मान हलवण्याच्या आधीच मास्तरांनी ते उत्तर घेऊन टाकलं होतं, म्हणून त्यांना फारसं लागलं नाही. लागलं ते बाहेर आल्यावर, बसच्या रांगेत, जेव्हा मास्तरीणबाई त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

लास्टबसला त्यांनी निरोप धाडला. तो संध्याकाळी आला, अंगणातल्या पांढऱ्या गाडीकडे बघत बसला. मास्तरांनी विचारलं, सकाळी तुला काम कमी असतं, माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन बसशील का? बसायची परवानगी मी काढून देतो. लास्टबसने बराच विचार केला. लोक म्हणतील, आधी शिकवतो आणि मग पोचवतो, असं तो म्हणाला. मास्तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. लास्टबसही हसला, मग गंभीर होऊन म्हणाला की त्याच्या गाडीत मागे बसणारा कधी बोलत नाही आणि पुढे बसणारे नुसते रडतात. शेजारी बसून कुणी प्रश्न विचारले तर त्याला आवडेल.

तसंच ठरलं. पाट्यांचे आणि नियमांचे धडे मास्तर घरी ओसरीवर देऊ लागले. जमिनीवर खडूने चौक आखायचा, काडेपेट्यांच्या गाड्या करायच्या. प्रत्येक विद्यार्थ्याला ते वखारीच्या चौकातल्या झाडाची गोष्ट सांगायचे, काही न लपवता. सलूनमध्येही त्यांनी ती दुरुस्त करून सांगितली, पण तिथे कुणाला ती पटली नाही. तिथल्या लोकांनी ते झाड आता स्वतः पाहिलेलं होतं.

टेलरबाई पहिल्या खेपेला नापास झाल्या, चढावर गाडी मागे गेली म्हणून. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. लायसन्स हातात आल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली, आणि मास्तरांना डॉक्टरकडे तपासणीला जायचं होतं तेव्हा आपण होऊन म्हणाल्या, चला, मी नेते, मला त्या बाजूच्या शाळेत गणवेश टाकायचेच आहेत.

मास्तरीणबाईंना मागे बसलं की मळमळतं, म्हणून त्या पुढे बसल्या. मास्तर मागे, गणवेशांच्या गठ्ठ्यांशेजारी. गाडीत मागे बसल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. गाव सुटेपर्यंत ते ताठ बसले होते, आणि वळण आलं की त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. खाली नुसतं रबरी पायपुसणं होतं. एकदा ते ‘तिसरा’ असं पुटपुटले, तोवर टेलरबाईंनी तिसरा गियर टाकलाही होता. पुढच्या दोघी कापडाच्या भावाबद्दल, मग कुणाच्या तरी लग्नातल्या पोलक्याबद्दल हळू आवाजात बोलत होत्या. रस्ता सरळ होता. इंजिनचा आवाज एकसारखा येत होता. नव्या कापडाचा खळीचा वास सगळ्या गाडीत भरला होता.

गाडी चालू असताना मास्तरांनी आजवर कधी डोळे मिटले नव्हते. आता ते मिटले. मिटल्यावर डावी आणि उजवी बाजू सारखीच झाली.

जाग आली तेव्हा गाडी दवाखान्यासमोर उभी होती आणि मास्तरीणबाई काचेवर टकटक करत होत्या. मास्तर उतरले, पाय झटकले, पूर्ण मान वळवून गाडीकडे नीट पाहिलं. मागचं चाक कडेच्या पांढऱ्या रेषेवर चढलं होतं.

“एकदा पुढे घ्या,” ते टेलरबाईंना म्हणाले, “आणि सरळ लावा.”